किती डिग्रीपर्यंत चालतं? ‘सुरक्षित तापमान’ या आकड्याची चिकित्सा

 

आजचा विषय आहे कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचं तापमान. विषय तांत्रिक वाटेल, पण बारामतीत किंवा इंदापुरात कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात थोडा वेळ उभं राहा, हा प्रश्न कानावर पडतोच: “किती डिग्रीपर्यंत चालतं?” उत्तरही ठरलेलं असतं. कोणी सत्तर सांगतं, कोणी ऐंशी, एखादा धाडसी माणूस नव्वदपर्यंत जातो. सांगणारा ठामपणे सांगतो, ऐकणारा समाधानाने घरी जातो.

आम्हाला आज या यादीत आणखी एका आकड्याची भर घालायची नाही. हा आकडा येतो कुठून, तो कशाचा असतो आणि तो सिद्ध करण्यासाठी जी ‘स्ट्रेस टेस्ट’ केली जाते ती नक्की काय सिद्ध करते, हे तपासायचं आहे. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. खोलीचं तापमान, काम आणि वेळ या तीन गोष्टी सोबत नसतील, तर प्रोसेसरच्या तापमानाचा आकडा निरर्थक आहे. आणि आपल्याकडे चाचणी नेमकी या तिन्ही गोष्टी बाजूला ठेवून केली जाते.

सुरुवात भीतीपासून करू, कारण सगळं तिथून आलेलं आहे. २००१ साली ‘टॉम्स हार्डवेअर’ने एक व्हिडिओ प्रसिद्ध केला होता. चालू प्रोसेसरवरचा हीटसिंक काढून घ्यायचा आणि काय होतं ते बघायचं. एएमडीच्या तेव्हाच्या अॅथलॉनमधून धूर निघाला, तो जळाला. इंटेलचा पेंटियम ४ मात्र स्वतःचा वेग कमी करून तगून राहिला. त्या व्हिडिओने जगभर एक गोष्ट लोकांच्या मनात पक्की बसवली: प्रोसेसर तापला की जळतो. त्यातली दुसरी गोष्ट, म्हणजे तापला की वेग कमी करून स्वतःला वाचवणारा प्रोसेसर, कमी लोकांच्या लक्षात राहिली. आज बाजारात मिळणारा प्रत्येक प्रोसेसर हे करतो. ठरावीक मर्यादेला पोचला की वेग उतरवतो, याला थ्रॉटलिंग म्हणतात. तेवढ्यानेही भागलं नाही, तर मशीन बंद करतो. म्हणजे जळण्याची भीती वीस-पंचवीस वर्षं जुनी आहे, आणि आपण अजून तिच्यावरच आकडे बेततो आहोत.

आता आकड्यांकडे येऊ. दुकानात जो ‘सत्तर-बहात्तर’ ऐकू येतो, त्याच्या मागे एक खरा कागद आहे. २०११ मध्ये आलेल्या इंटेलच्या कोअर आय-७ २६००के या प्रोसेसरच्या अधिकृत माहितीत ७२.६ अंश असा आकडा दिलेला आहे. लोकांनी तो पाहिला आणि ठरवलं, बहात्तरच्या वर धोका. पण तो आकडा आहे टी-केसचा, म्हणजे प्रोसेसरवरच्या धातूच्या झाकणाच्या मध्यावर मोजलेल्या तापमानाचा. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये जे दिसतं ते आतल्या कोरचं तापमान. त्याच प्रोसेसरच्या कोरची मर्यादा ९८ अंशांच्या आसपास होती. तव्याचं तापमान आणि तव्याखालच्या जाळाचं तापमान यांत जेवढा गोंधळ होईल, तेवढाच हा गोंधळ आहे. पण तो दहा-बारा वर्षं टिकला.

दुसरं उदाहरण २०१७ चं. एएमडीचे रायझन १७००एक्स आणि १८००एक्स बाजारात आले. लोक सॉफ्टवेअर उघडून बघतात तर मोकळ्या बसलेल्या मशीनचं तापमान भलतंच चढलेलं. मग कंपनीने खुलासा केला: पंख्याचा वेग सगळ्या मॉडेलना सारखा ठेवता यावा म्हणून या दोन प्रोसेसरमध्ये मुद्दाम २० अंश मिळवून दाखवले जातात. म्हणजे स्क्रीनवर ७० दिसले तर खरे ५०. स्क्रीनवरचा आकडा म्हणजे तापमान, एवढं साधं समीकरणसुद्धा इथे लागू नव्हतं.

तिसरं उदाहरण २०२२ चं. रायझन ७००० मालिकेबद्दल एएमडीने सांगून टाकलं की जड कामात हे प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत जाणार, ते तसेच बनवलेत. थंड राहायला जागा असेल, तर तेवढी जागा वेग वाढवून वापरायची, असं त्यांचं गणित आहे. त्याच पिढीतल्या ७८००एक्स३डी या मॉडेलची मर्यादा मात्र ८९ आहे. म्हणजे एकाच कंपनीच्या एकाच पिढीत एकाला ९५ हे रोजचं काम आणि दुसऱ्याला ते मर्यादेच्या पलीकडचं. ‘प्रोसेसरला किती डिग्री चालतं’ हा प्रश्न म्हणजे ‘पिकाला किती पाणी लागतं’ असं विचारण्यासारखा झाला. कुठलं पीक, कुठली जमीन, कुठला महिना?

इथे बारामती-इंदापूरचा विषय येतो, आणि तो नुसता उपमेपुरता येत नाही.

प्रोसेसर गार कसा होतो? हीटसिंक त्याची उष्णता घेतो आणि पंखा ती हवेत सोडतो. हवा आधीच जेवढी तापलेली, त्याच्या वरच प्रोसेसर राहणार. म्हणून खरा अर्थ आहे तो वाढीला, म्हणजे खोलीपेक्षा प्रोसेसर किती अंशांनी वर गेला याला. साधं गणित करू. पुण्यातल्या एसी दुकानात खोली २४ अंशांवर आहे. तिथे चाचणीत प्रोसेसर ७६ ला स्थिरावला. वाढ झाली ५२. दुकानदाराने फोटो काढला, ग्राहक खूश. तेच मशीन इंदापुरात पत्र्याच्या छपराखालच्या गाळ्यात आलं. मे महिना, दुपारचे तीन, गाळ्यात ४० अंश. ४० अधिक ५२, झाले ९२. त्यात कॅबिनेट लाकडी टेबलाच्या बंद कप्प्यात ढकललेलं. स्वतःचीच गरम हवा ते परत आत ओढतं. समजा त्याने पाच अंश वाढले, आपण ९७ ला पोचलो. मशीन बदललं नाही, प्रोसेसर बदलला नाही, बदलली ती खोली. पुण्यातला फोटो खोटा नव्हता, पण इंदापूरच्या मे महिन्याबद्दल तो काहीच सांगत नव्हता.

“मग काय झालं? प्रोसेसर स्वतःला वाचवतोच ना?” असं कोणी विचारेल. वाचवतो. पण तो स्वतःला वाचवतो, तुमचं काम वाचवत नाही. आपल्या भागात हे कोणाला भोगावं लागतं? लग्नसराईत व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्या स्टुडिओवाल्यांना. त्यांचं सगळ्यात जड काम, तासन्‌तास चालणारं रेंडरिंग, वर्षातल्या सगळ्यात तापलेल्या एप्रिल-मे महिन्यांतच येतं. वेग चतुर्थांशाने उतरला, तर सहा तासांचं रेंडर आठ तासांवर जातं. पार्टीला सकाळी पेन ड्राइव्ह द्यायचा असतो. स्टुडिओवाला म्हणतो, मशीन जुनं झालं. तो नवीन महागडा प्रोसेसर घेतो, जो आणखी जास्त उष्णता सोडतो, आणि त्याच टेबलाच्या कप्प्यात बसतो.

सेवा केंद्रांची गोष्ट थोडी वेगळी आहे. उत्पन्नाचे, जातीचे, नॉन-क्रिमीलेअरचे दाखले काढायला मे-जूनमध्ये रांग लागते. फॉर्म भरण्याच्या कामात प्रोसेसर सतत शंभर टक्के चालत नाही, हे मान्य करायला हवं. पण हीटसिंकमध्ये धूळ घट्ट बसलेली असेल, तर एवढंही काम त्याला जड होतं. आणि आपल्याकडची धूळ नुसती धूळ नसते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी या कारखान्यांच्या आसपास राहणाऱ्यांना सांगायला नको. गळीत हंगामात गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर जी काळी राख पडते, तीच पंख्यातून हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये जाते. वरून शेतात पाचट पेटवलं जातं त्याची काजळी. दिवाळीच्या सुमारास हंगाम सुरू होतो, उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. म्हणजे मशीन जेव्हा सगळ्यात जास्त बुजलेलं असतं, तेव्हाच सगळ्यात कडक ऊन येतं. परदेशी सल्ल्यातली ‘वर्षातून एकदा साफ करा’ ही सूचना आपल्याकडे महिना न सांगता दिली, तर ती अर्धीच आहे.

आता स्ट्रेस टेस्टकडे. दुकानात सर्रास वापरलं जाणारं एक नाव म्हणजे प्राइम-९५. याचा जन्म मुळात कॉम्प्युटर तपासायला झाला नाही. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या, अवाढव्य मूळ संख्या शोधण्याच्या सामुदायिक प्रकल्पाचं ते सॉफ्टवेअर. असंख्य लोक आपापल्या मशीनवर महिनोन्‌महिने गणित चालवतात. त्यात एका मशीनने एक आकडा चुकवला, तर सगळी मेहनत वाया. म्हणून त्यात एक तपासणी घातली: ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असं अवघड गणित मशीनकडून सोडवून घ्यायचं आणि उत्तर जुळतं का ते बघायचं. या चाचणीचा आत्मा उत्तर जुळण्यात आहे. प्रोसेसर तापतो हा त्याचा जोडपरिणाम.

तिची खरी किंमत २०१६ च्या जानेवारीत दिसली. इंटेलचे तेव्हाचे नवे स्कायलेक प्रोसेसर या गणितातल्या एका विशिष्ट संख्येवर अडकून पडत होते. तापमानाचा काही संबंध नव्हता, प्रोसेसरमध्येच दोष होता. इंटेलने तो मान्य केला आणि बायोसमधून दुरुस्ती दिली.

आपल्याकडे मात्र ही चाचणी दहा मिनिटं चालवतात, तापमानाचा फोटो काढतात आणि बंद करतात. यात दोन्हीकडून नुकसान आहे. या चाचणीचा सगळ्यात कडक प्रकार प्रोसेसरला इतका राबवतो, की रोजच्या कामात तेवढी उष्णता क्वचितच निघते. म्हणजे तापमान ठरवायला ही चाचणी गरजेपेक्षा जास्त कडक. आणि उत्तर चुकतं का हे बघायला तास लागतात, कधी रात्र लागते. म्हणजे त्या कामासाठी दहा मिनिटं फारच कमी. हीटसिंक दहा मिनिटांत स्थिरावेल, पण कॅबिनेटमधली हवा, बंद गाळ्यातली हवा तेवढ्यात स्थिरावत नाही. वॉटर कूलिंग असेल, तर त्यातलं पाणी तापायला आणखी वेळ लागतो. जे मोजायला चाचणी बनली ते आपण मोजत नाही, आणि जे मोजतो ते पूर्ण होईपर्यंत थांबत नाही.

यावर एक हरकत येऊ शकते. निदान तापमान कमी दिसलं, तर मशीन ठीक आहे एवढं तरी कळतं ना? २०२४ मध्ये या समजुतीला मोठा धक्का बसला. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले महागडे डेस्कटॉप प्रोसेसर गेम चालू असताना कोसळायला लागले. काही वेळा स्क्रीनवर संदेश यायचा की व्हिडिओ मेमरी कमी पडली. लोक ग्राफिक्स कार्डाला दोष देत बसले. अखेर इंटेलने कारण सांगितलं: प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्याने तो हळूहळू झिजत होता. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी दुरुस्त्या दिल्या, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. सगळ्यात विचार करण्यासारखी गोष्ट शेवटच्या खुलाशात होती. हे जादा व्होल्टेज विशेषतः मशीन मोकळं असताना किंवा हलकं काम चालू असतानाही मागितलं जात होतं. म्हणजे झीज तापमान खाली असतानाही होऊ शकत होती. स्ट्रेस टेस्ट ज्या क्षणाकडे बघते, तो सोडून दुसऱ्या क्षणीही.

प्रोसेसरवर एवढी नजर लावल्याने आणखी एक नुकसान होतं. कॅबिनेटमध्ये सगळ्यात आधी दगा देणारी वस्तू बहुतेक वेळा प्रोसेसर नसतोच. पंख्याची बेअरिंग जाते, एसएमपीएसमधले कपॅसिटर फुगतात. या कपॅसिटरबद्दल इलेक्ट्रॉनिक्सवाले एक ढोबळ नियम पाळतात: तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. नियम ढोबळच आहे, पण दिशा बरोबर आहे. लाईट कमी दाबाने आली, तर तेवढीच वीज पुरवायला एसएमपीएस जास्त करंट ओढतो आणि स्वतः जास्त तापतो. मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, हे वाडीवस्तीवर कोणालाही विचारा. यातलं काहीही प्रोसेसरच्या तापमानाच्या आकड्यात दिसत नाही.

ज्यांचं सगळं कामच जड गणितावर चालतं, ते काय करतात? पुण्यात आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक आहे. त्याच्या प्रोसेसरपर्यंत थेट पाणी खेळवून उष्णता बाहेर नेलेली आहे. सर्व्हरच्या खोल्यांसाठी जगभर जी शिफारस मानली जाते, ती मशीनच्या तोंडाशी येणाऱ्या हवेची आहे: १८ ते २७ अंश. बघा, तिथे पहिला आकडा हवेचा आहे. खोली आधी, प्रोसेसर नंतर. आपण उलटं करतो, कारण खोलीचा आकडा बघायला भिंतीवर थर्मामीटर लावावा लागतो आणि प्रोसेसरचा आकडा फुकट दिसतो.

आता थोडं शेताकडे बघू, कारण ‘ताण’ हा शब्द आपल्याला स्ट्रेस टेस्टमुळे कळलेला नाही. माळेगाव खुर्दला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे, २००९ पासून. दुष्काळ, उष्णता, क्षारपड जमीन यांचा पिकावर पडणारा ताण हाच तिचा अभ्यासविषय. आणि ती संस्था अशा उथळ, मुरमाड जमिनीवर उभी आहे, जिथे ताण रोजचाच आहे. ताणाचा अभ्यास तिथे ताणाच्या जागीच होतो.

इंदापूरच्या डाळिंबवाल्यांना तर हे पिढीजात ठाऊक आहे. बहार धरायचा म्हणजे बागेला ताण द्यायचा, पाणी तोडायचं. किती दिवस? हलक्या जमिनीत थोडे, भारी काळ्या जमिनीत जास्त. झाडाचं वय बघायचं, पानगळ बघायची, मग पाणी सोडायचं. शेजारच्या गावातल्या भारी रानाचे दिवस मोजून कोणी आपल्या मुरमाड रानातल्या बागेला ताण देत नाही. दिला, तर बाग जाते. उसाचंही तेच. तोडणीआधी पाणी तोडलं तर साखर भरते, तोच ताण वाढीच्या काळात पडला तर वजन मार खातं. ताण किती, यापेक्षा कुठे, कधी आणि किती वेळ हे आपल्याकडचा शेतकरी आधी विचारतो. त्याचाच मुलगा कॉम्प्युटर घेताना मात्र कुठल्यातरी थंड देशात, कुठल्यातरी खोलीत निघालेला आकडा जसाच्या तसा उचलतो. हा विसंगतपणा आम्हाला खटकतो, कारण यात ज्ञान कमी पडलेलं नाही. असलेलं ज्ञान या वस्तूला लावायचं कोणाला सुचत नाही, एवढंच.

मग करायचं काय? टीका करून थांबणं बरोबर नाही, म्हणून आमच्या मते चाचणी कशी असावी ते सांगतो.

एक. मशीन जिथे बसणार तिथेच, जसं बसणार तसंच तपासा. टेबलाचा कप्पा असेल तर कप्प्यात, शटर अर्धं खाली असतं तर तसंच. जमलं तर एप्रिल-मेच्या दुपारी. नवीन मशीन दिवाळीत घेतलं, तर तेव्हा एकदा आणि मेमध्ये परत एकदा.

दोन. स्वतःचं काम चालवा. स्टुडिओवाल्याने स्वतःचं रेंडर लावावं, किमान तासभर. प्राइम-९५ ठेवा, पण उत्तरं जुळतात का हे बघण्यासाठी, आणि तेव्हा ती काही तास चालू द्या. माणूस जवळ असावा.

तीन. चार गोष्टी लिहून ठेवा: खोलीचं तापमान, प्रोसेसरचं तापमान, दोन्हींतला फरक, आणि शेवटी प्रोसेसर कुठल्या वेगावर चालत होता. चौथी गोष्ट कोणी लिहीत नाही. तापमान ९५ आणि वेग पूर्ण, तर ९५ ला बनवलेल्या प्रोसेसरबद्दल काळजीचं कारण नाही. तापमान ८५ वर असूनही वेग पडला असेल, तर मात्र शोध घ्यायला हवा. कागद कॅबिनेटच्या आत चिकटवून ठेवा.

चार. हंगाम संपला की साफसफाई करा. मशीन बंद, वायर काढलेली, पंखा बोटाने धरून मग ब्लोअर मारायचा. परत तेच काम चालवून फरक मोजा. आधी ५२ होता आणि आता ६२ आला, तर धूळ राहिली आहे किंवा थर्मल पेस्ट वाळली आहे.

पाच. नवीन खरेदीआधी स्वस्त उपाय करा. कॅबिनेट कप्प्यातून बाहेर काढा, जमिनीपासून वीतभर उचला, मागची जाळी भिंतीपासून सोडवा. आणि बायोसमध्ये प्रोसेसरच्या विजेची मर्यादा थोडी खाली आणा. पुष्कळ नव्या प्रोसेसरमध्ये वेग थोडासाच कमी होतो, उष्णता मात्र बरीच उतरते. दुपारी वेग राखायचा असेल, तर हा उपाय नव्या प्रोसेसरपेक्षा जास्त उपयोगी पडू शकतो.

दुकानदारांनाही आमची एक विनंती आहे. चाचणीचा फोटो ग्राहकाला देताना त्यात खोलीचं तापमान लिहा. दोन अंकी एक आकडा आहे, पण तो लिहिला की बाकीच्या आकड्याला अर्थ येतो, आणि मे महिन्यात ग्राहक परत भांडायला आला, तर त्याच्याशी बोलायला काहीतरी हातात असतं.

तर “किती डिग्रीपर्यंत चालतं?” असं पुढच्या वेळी कोणी विचारलं, की आपण त्याला उलट तीन प्रश्न विचारावेत: खोली किती अंशांवर आहे, काम कुठलं आहे आणि ते किती वेळ चालणार आहे. एवढी उत्तरं मिळाली, की बहुतेक वेळा त्याला स्वतःलाच पुढचं कळतं.

इथे थांबतो. ज्यांनी आपल्या मशीनचे आकडे लिहून आणले आहेत, त्यांच्यापासून प्रश्नोत्तरं सुरू करू.